झोपडी काढणं थांबव

भामरागड

चि. पोरीस,


नदी, डोंगा, मोहाचं झाड आणि कुडाची झोपडी. हेच चित्र तू नागपुरात अकराव्यांदा काढलंस, आणि दर वेळी कुणीतरी "गावाकडची ना, म्हणून जमतं" म्हणून गेलं. तुला त्याचा वीट आला हे वाचून बरं वाटलं.

दोष माझाही आहे. तीस वर्षं शाळेत मी पोरांकडून दोन त्रिकोणी डोंगर आणि मधून उगवता सूर्य एवढंच काढून घेतलं. खिडकीबाहेर सागाचं जंगल उभं होतं, तिकडे बघा म्हणून कधी सांगितलं नाही.

चित्रकार रझांचे बिंदू तू पाहिलेस. हा माणूस आधी निसर्गचित्रकार होता, हे कुणी सांगितलं का? जन्म १९२२चा, मंडला जिल्ह्यातल्या बाबरियाचा. वडील वनखात्यात, म्हणजे आपल्यासारखंच जंगल आणि गोंडांचे पाडे. ककैयाच्या शाळेत या चंचल पोराला गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून दिला आणि त्याच्याकडे बघत बसवलं. (मी असतो तर डोंगर काढायला लावला असता.) पुढे तुझ्याच नागपुरात चित्रकला शिकून ते १९४३ला मुंबईत आले. तिथं त्यांनी जलरंगात मुंबईचे रस्ते आणि इमारती रंगवल्या. १९४८ला काश्मीरमध्ये कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकारानं त्यांची चित्रं पाहून तोंडावर सांगितलं, की हात चांगला आहे, पण बांधणी नाही. सेझान या चित्रकाराचा अभ्यास कर. दुसरा कुणी रुसला असता. रझांनी १९५०ला पॅरिस गाठलं आणि वर्षानुवर्षं फ्रान्समधली खेडी, घरं रंगवली.

रात्रीच्या जंगलाची लहानपणची दहशत ते म्हातारपणीही सांगत. ती चित्रात उतरली, पण पन्नाशी उलटल्यावर, मोठ्या काळ्या वर्तुळातून. त्यात झाड नाही, झोपडी नाही. तरी मला त्यासमोर आपल्या वाटेवरची अमावस्या आठवते.

म्हणून सध्या गावाचं चित्र नको. इतवारी बाजारात जाऊन बस. लोंबत्या तारा, पाट्या, हातगाड्यांची दाटी कागदावर उभी करून दाखव. कुठं काय तोललंय ते बघायला शीक. गाव राहील वाट बघत. पुरात आठ-आठ दिवस रस्ता बंद असतो, ते कुठं जाणार आहे?

आणि ट्यूबमधला काळा सरसकट फासू नकोस. अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट अंबर मिसळ. निळं जास्त घेतलंस तर एक काळा, अंबर जास्त घेतलंस तर दुसरा. आपल्याकडची रात्रही एकाच काळ्याची नसते, हे मला साठीनंतर दिसलं.

दिवाळीला येशील तेव्हा जेवण आटोपून पर्लकोटा नदीच्या काठी जाऊन बसू. बॅटरी घरीच ठेव.

तुझा,
मामा