प्लास्टिकच्या पोत्यावर नाव टिकत का नाही?

प्रश्न : तूर आणि सोयाबीन भरायला आम्ही प्लास्टिकची कोरी पोती आणतो आणि स्टेन्सिल ठेवून ऑइल पेंटने गटाचं नाव छापतो. तागाच्या बारदान्यावर हाच रंग वर्षभर टिकायचा. प्लास्टिकवर मात्र पोतं दुमडलं की रंगाचे पापुद्रे निघतात. तांदळाच्या पोत्यावरचं रंगीत चित्र तर घासूनही जात नाही. आम्ही महागाची शाई घ्यावी, की थर जाड द्यावा?
– एक वाचक, इचोडा (जि. आदिलाबाद)

उत्तर : दोन्ही नको. थर जाड दिलात तर पापुद्रे आणखी लवकर सुटतील, आणि महागाची शाई चुकीच्या जातीची निघाली तर पैसेही जातील. तुमच्या रंगात खोट नाही. ज्यावर तो बसवायचा, ते पोतंच बदललं आहे.

तागाचा धागा रंग पितो, त्यामुळे रंग धाग्यात मुरून धरला जातो. प्लास्टिकचं पोतं जवळून पाहिलंत, तर दोन-तीन मिलिमीटर रुंदीच्या चपट्या पट्ट्या एकमेकींच्या खालून-वरून विणलेल्या दिसतील. या पट्ट्या पॉलिप्रॉपिलीनच्या असतात. त्यात कार्बन आणि हायड्रोजन सोडून दुसरं काही नाही; अंग मेणासारखं, काहीही न शोषणारं. ऑइल पेंट त्यावर नुसता पडून राहतो. वाळून तो कडक होतो, पट्टी वाकते, रंग वाकत नाही आणि तडकतो.

‘उन्हात चांगलं वाळवलं की पक्कं होतं’ हा समज म्हणूनच चुकीचा आहे. वाळणं वेगळं आणि चिकटणं वेगळं. खडखडीत वाळलेला रंगही नखाने सुटू शकतो.

कारखान्यात यावर उपाय म्हणून छपाईच्या आधी कापडावरून उच्च दाबाची वीज सोडतात. तिला कोरोना प्रक्रिया म्हणतात. तिने पृष्ठभागावर हवेतला ऑक्सिजन जोडला जातो आणि शाईला धरायला जागा मिळते. ही पकड डाइन या एककात मोजतात. मूळ पॉलिप्रॉपिलीन साधारण 30 डाइनचं असतं, छपाईला 38 किंवा जास्त लागतात. मात्र हा परिणाम कायमचा नसतो, काही आठवड्यांत तो उतरू लागतो. म्हणून पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळाभर पडून राहिलेली पोती छपाईला घेऊ नका. विकत घेताना ‘प्रक्रिया केलेली आहेत का, कोणत्या बाजूने आणि कधी’ हे विचारा. पोतं उलटं करून छापलंत आणि प्रक्रिया एकाच बाजूला असली, तर ती आत जाते.

आता शाई. मोठ्या यंत्रांवर, म्हणजे रबरी ठशांच्या फ्लेक्सो छपाईत, या पोत्यांसाठी बहुधा पॉलिअमाइड रेझिनची, अल्कोहोलवर्गीय द्रावकातली शाई वापरतात. ती पॉलिप्रॉपिलीनला धरते आणि वाळल्यावर लवचीक राहते. तिचं वैर तेलाशी आणि उष्णतेशी. पेंडीसारखा तेलकट माल असला की ती मऊ पडू शकते. म्हणून दुकानदाराला पोत्यात काय भरणार ते आधी सांगा. तुम्ही हाताने छापता, तेव्हा फ्लेक्सोची पातळ शाई स्टेन्सिलखालून पसरेल. पॉलिप्रॉपिलीनसाठीची स्क्रीन शाई मागा. पातळ करायचं द्रावकही त्याच कंपनीचं घ्या, थोडं थोडं घाला. पेट्रोल नकोच.

तुमच्या भागातल्या हवेचं मात्र ऐका. मे महिन्यात आदिलाबादला पारा चाळिशीपार गेला की द्रावक झटकन उडतं, शाई पोत्यापर्यंत पोचण्याआधीच स्टेन्सिलच्या खाचांत वाळते आणि अक्षरं बुजतात. तेव्हा सावकाश उडणारं द्रावक लागतं. डिसेंबर-जानेवारीत आदिलाबाद तेलंगणातल्या सर्वांत थंड जिल्ह्यांत असतो. त्या दिवसांत शाई पॉलिअमाइडची असली, तर ती डब्यातच खिरीसारखी घट्ट होऊ शकते. ती बिघडलेली नसते. डबा कोमट पाण्यात ठेवा आणि ढवळा. विस्तवावर कधीही ठेवू नका, वाफ पेट घेते. पावसाळ्यात वाळायला उशीर लागतो, म्हणून ओली पोती थप्पी लावून ठेवू नका. एकाची शाई दुसऱ्याला लागते.

तांदळाच्या पोत्याची गोष्ट निराळी आहे. ते चित्र पोत्यावर छापलेलंच नसतं. पारदर्शक बीओपीपी फिल्मच्या मागच्या बाजूला उलटं छापून, ती फिल्म वितळलेल्या प्लास्टिकच्या थराने कापडाला जोडतात. शाई आत बंद असल्यामुळे तिला कोणी घासूच शकत नाही. पण त्यासाठी कोरीव सिलिंडर बनवावे लागतात, ते हजारो पोत्यांच्या मागणीलाच परवडतात.

तूर खाण्याची आहे, तेव्हा एक गोष्ट मी सोडणार नाही. अन्नाच्या वेष्टनावरच्या शाईसाठी आयएस 15495 हे भारतीय मानक आहे आणि 2018च्या अन्नवेष्टन नियमांनी ते बंधनकारक केलं आहे. मानकाच्या 2020च्या सुधारणेत टोल्युइन हे द्रावक वगळलं गेलं. पट्ट्यांच्या फटींतून शाई आत उतरू शकते, म्हणून डब्यावर हे मानक पाहूनच घ्या. खताची रिकामी पोती तर धान्याला नकोतच, कितीही धुतली तरी.

सगळी पोती छापण्याआधी एकाच पोत्यावर छापून पाहा. शाई वाळली की पारदर्शक चिकटपट्टी घट्ट दाबून एका झटक्यात ओढा, मग तोच भाग मुठीत चुरगळा. चोवीस तासांनी पुन्हा तेच करा. अक्षर चिकटपट्टीवर आलं, तर शाई किंवा पोतं यांपैकी एक बदला. आणि नाव लाल छापायचं तर छापा, पण वजन, लॉट क्रमांक आणि तारीख काळ्यातच घ्या. मार्केट यार्डाच्या उन्हात लाल आणि पिवळा बहुधा आधी फिका पडतो. काळा रंग काजळीचा असल्याने शेवटपर्यंत वाचता येतो.