दोघींची हाक सारखीच

बाळा, नोकरी लागली, गाव सुटलं. आता रोज काही ना काही तुझं तुलाच निवडायचंय. म्हणून आत्याच्या चार गोष्टी कानात ठेव. बायबलातल्या नीतिसूत्रांच्या ९व्या अध्यायात दोन बायका आहेत, एक ज्ञान आणि दुसरी मूर्खपणा. दोघी गावातल्या उंच जागेवरून भोळ्या वाटसरूला आपल्या घरी बोलावतात, आणि हाक दोघींची अगदी सारखी! चुकीची वाट पाटी लावून उभी नसते, तीही अशीच गोड हाक मारते.

१. हाकेवर जाऊ नकोस, चूल पेटलीय का ते बघ — ज्ञानाने सात खांबांचं घर उभारलंय, स्वयंपाक करून ताटं मांडलीत. दुसरी नुसती दारात बसून चोरीचं पाणी गोड लागतं म्हणून सांगते. दामदुप्पट देणारा भेटला, तर त्या पैशामागे कष्ट कोणाचे, एवढं विचार.

२. खोली बघताना नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारशीलच, शेजारही विचार — लोटाने यार्देनेकाठची हिरवी, पाण्याची जमीन बघितली आणि काका अब्राहामाच्या आधी तीच उचलली. आधी त्याचा तंबू फक्त पापी सदोम शहराच्या दिशेला होता. उत्पत्तीच्या पुढच्याच अध्यायात तो सदोमात राहतोय, आणि १९व्या अध्यायात थेट सदोमाच्या वेशीत बसलाय. सरकत्या तंबूचा आवाज येत नाही रे. संध्याकाळी कोणात बसतोस, कुठे बसतोस, ते अधूनमधून तपासत जा.

३. उपाशीपोटी हप्त्याच्या कागदावर सही नको — एसाव रानातून दमून आला आणि डाळीच्या वाडग्यापायी ज्येष्ठपणाचा हक्क धाकट्या भावाला विकून बसला. भूक लागली की तू कसा होतोस, ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे. आधी जेव, मग पेन उघड.

४. जामीन राहिला असशील, तर आज रात्री झोपायच्या आधी त्यातून सुटायला लाग — लाजेपायी दिलेली सही घराला झोपू देत नाही.

५. मोठा निर्णय असेल तर दोन-तीन दिवस मागून घे, पण त्या दिवसांत कोणाला विचारतोस ते महत्त्वाचं — शलमोनाचा मुलगा रहबाम यानेही तीन दिवस मागितले होते. म्हाताऱ्यांनी सांगितलं, लोकांचं ओझं हलकं कर, गोड बोल. त्याने ऐकलं ते बरोबर वाढलेल्या पोरांचं, आणि दहा वंश तुटून गेले. मनासारखं बोलणाऱ्याला शेवटी विचार.

६. माप एकच ठेव — जुन्या काळी लबाड व्यापारी पिशवीत दोन वजनं बाळगायचे, घ्यायचं जड आणि द्यायचं हलकं. आपल्याकडे लेकीला एक नि सुनेला दुसरं असतं ना, तेही त्याच पिशवीतलं. तुझं लग्न होईल तेव्हा हे आईसमोर मीच बोलेन.

७. रागाचा मेसेज रात्री लिही हवं तर, पाठव सकाळी — मऊ उत्तराने राग विझतो, आणि मऊ शब्द झोप झाल्यावरच सुचतात.

८. मूर्खाला उत्तर द्यावं की देऊ नये? नीतिसूत्रांच्या २६व्या अध्यायात लागोपाठच्या दोन ओळी दोन्ही सांगतात — माणूस आणि वेळ बघून तूच ठरवायचंस, तेवढी अक्कल देवाने तुला दिलीय. ऑफिसच्या ग्रुपवर मात्र बहुतेकदा गप्पच बरा.

९. जिथे जीव लावणारी माणसं आहेत, तिथे भाजीभाकरी खा — भांडणाच्या घरचं मटण अंगी लागत नाही. डबेवाल्या मावशी प्रेमाने वाढत असतील, तर मिठावरून कुरकुर करू नकोस.

नीतिसूत्रांचे अध्याय ३१ आहेत, महिन्याच्या तारखांइतकेच. आज जी तारीख असेल तो अध्याय काढ, चहा गार व्हायच्या आत वाचून होतो. आणि वाचलास की मला फोन कर.