आजीबाईचा बटवा आणि त्याची मर्यादा

मुरुड हें समुद्रकांठचें गांव. पाण्यापावसांत राबणाऱ्यांचे सांधे धरतात, टांचांना भेगा पडतात. आणि अशा वेळीं कोंकणांतील घरांत पहिली आठवण होते ती आजीबाईच्या बटव्याची. या बटव्याचें मोल आमच्या विद्यार्थ्यांस कळावें व त्याची मर्यादाही कळावी, एवढाच या लेखाचा हेतु होय.

भेगांवर कोकमाच्या बियांचें तेल, म्हणजे मुठेल, पातळ करून लावितात. तें थंडींत थिजणारें असल्यानें कातडीवर थर धरतें व तिचा ओलावा राखतें. पोटदुखीस ओवा, दाढेस लवंग, मुरगळलेल्या पायास निर्गुडीच्या पाल्याचा शेक, हे उपाय सर्वश्रुत आहेत. यांत केवळ भाबडेपणा आहे असें नव्हे. लवंगेंतील युजेनॉल हें द्रव्य दुखरी जागा कांहीं काळ बधिर करितें. दंतवैद्यही तें वापरतात. आयर्लंडांतील खेडुत अंगदुखीवर वाळुंजाच्या जातीच्या झाडाची साल चघळीत. त्याच सालींतून १८२८ सालीं सॅलिसिन वेगळें काढण्यांत आलें व त्या शोधाच्या मागोमाग १८९७ सालीं अ‍ॅस्पिरिन सिद्ध झालें.

परंतु लवंगेनें कळ थांबते, कीड जात नाहीं. बिब्याचें तेल बेतानें न लाविल्यास कातडी भाजून फोड येतात. लाल विंचवाच्या दंशावर तर मंत्र व पाला यांत वेळ दवडणें म्हणजे प्राणाशीं खेळ; कारण त्याचें विष हृदयावर आघात करितें. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं प्राझोसिन या औषधानें असे अनेक रोगी वांचविले. मात्र रोगी वेळेवर दवाखान्यांत पोंचला पाहिजे.

आयर्लंडांत १९३७ ते १९३९ या काळांत सुमारें ५,००० शाळांतील मुलांनीं वडीलधाऱ्यांस विचारून लोककथांबरोबर असे उपायही वह्यांत उतरून ठेविले. विद्यार्थी मित्रहो, तुम्हीही आपल्या आजीजवळ बसा. वनस्पतीचें नांव, तिचा कोणता भाग, किती प्रमाण व कोणतें दुखणें, हें सारें लिहून घ्या. आणि डॉक्टरांकडे केव्हां न्यावें, हा रकाना विसरूं नका.

शुभवर्तमानांतील चांगल्या शोमरोन्यानें जखमी वाटसरूच्या जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला. पण तेवढ्यावर न थांबतां त्यानें त्यास उतारशाळेंत नेऊन त्याची काळजी घेतली. घरच्या उपचारानंतरचें हें दुसरें पाऊल उचलावयास आम्हीं कधींही उशीर करूं नये.