फिरत्या कॉफीगाडीतील दूध : उष्णतेच्या पाठास एक उदाहरण

उच्च प्राथमिक वर्गात उष्णतेचा पाठ घेताना आरंभी मुलांस एक प्रश्न अवश्य विचारावा. बर्फाचे दोन सारखे तुकडे घेतले, एक ताटलीत उघडा ठेवला आणि दुसरा घोंगडीत गुंडाळून ठेवला, तर आधी कोणता वितळेल? बहुतेक मुले 'घोंगडीतला' असे उत्तर देतात. घोंगडीने ऊब येते हा त्यांचा थंडीतील नित्याचा अनुभव असल्यामुळे या उत्तरास हसू नये, आणि खरे उत्तर सांगण्याची घाईही करू नये. प्रयोग वर्गातच करावा. लोकर भिजू नये म्हणून तुकडा प्रथम पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावा. अर्ध्यापाऊण तासाने घोंगडी उलगडली, की उघड्या तुकड्याचे बहुतांशी पाणी झालेले व गुंडाळलेला तुकडा बराच शिल्लक असलेला मुले स्वतः पाहतात. घोंगडीत स्वतःची अशी ऊब नसते. ती उष्णतेची वाट अडविते. माणसाच्या अंगातील उष्णता ती बाहेर जाऊ देत नाही, आणि बाहेरची उष्णता बर्फाकडे येऊ देत नाही. हे एकदा मनात ठसले म्हणजे पुढील सर्व विवेचन सोपे होते.

या तत्त्वास व्यवहारातील उदाहरण म्हणून फिरत्या कॉफीगाडीचा विचार करण्यासारखा आहे. शहरांत तीनचाकी वाहनावर कॉफीचे यंत्र बसवून रस्त्याच्या कडेला, महाविद्यालयांजवळ किंवा जत्रेत कॉफी विकणारे लोक आता दिसू लागले आहेत. युरोपात अशा गाड्या पुष्कळदा 'आपे' या इटालियन तीनचाकीवर उभारलेल्या असतात. ती १९४८ साली निघाली. तिच्या नावाचा अर्थ मधमाशी असा आहे. त्याच नावाच्या तीनचाकी गाड्या बारामती येथेही तयार होतात व खेड्यापाड्यांतील मुले त्यांना 'ॲपे' म्हणून चांगले ओळखतात. म्हणजे गाडी ओळखीची, दूध ओळखीचे. प्रश्न तेवढा नवा. इतक्या लहान गाडीत, भर उन्हात, दहा लिटर दूध आठ तास थंड कसे राहावे?

येथे एखादा चाणाक्ष विद्यार्थी विचारील, की दूध थंडच कशाला ठेवावयाचे? घरी तर आपण ते तापवितो. ही शंका योग्य आहे. तापविलेले दूध सतत ६० अंश सेल्सिअसच्या वर ठेवता आले, तर त्यात जंतूंची वाढ होत नाही. दक्षिणेकडील फिल्टर कॉफी विकणाऱ्यांचे दूध शेगडीवर गरमच असते व त्यांना बर्फाची गरज पडत नाही. परंतु यंत्राच्या वाफेने दुधास बारीक फेस आणावयाचा असेल, तर आरंभी दूध थंड असणे हिताचे असते. चार अंशांवरील दूध साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापण्यास जो वेळ लागतो, तेवढ्यात त्यात हवा नीट मिसळते. कोमट दूध लवकर तापते व फेस जाड आणि विरविरीत राहतो. धोका आहे तो या दोन टोकांच्या मधील पट्ट्यात. सुमारे ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतू वाढतात, आणि उन्हाळ्यातील हवेचे तापमान नेमके त्यांच्या सोयीचे असते. अनुकूल उबेत त्यांची संख्या अर्ध्या तासात दुप्पट होते असे धरले, तर आठ तासांत एका जंतूचे किती होतील, हे गणित फळ्यावर मुलांकडूनच करवावे. सोळा वेळा दुप्पट केले म्हणजे उत्तर येते ६५,५३६. पिशवीतील दूध पाश्चरीकृत असते हे खरे. पण त्या क्रियेने सर्वच जंतू मरतात असे नव्हे. शिवाय काही जंतूंनी दुधात सोडलेले विष नंतर उकळूनही नाहीसे होत नाही. म्हणून 'पुन्हा उकळले की झाले' ही समजूत मुलांच्या मनातून काढून टाकली पाहिजे. वासाने दूध नासल्याचे कळते, मात्र ते अपायकारक झाल्याचे दर वेळी कळतेच असे नाही.

आता पेटीकडे वळू. समजा, थर्मोकोलची एक पेटी आहे. बाहेरून ६० सेंटिमीटर लांब, ४० रुंद व ४० उंच. भिंतींची जाडी ४ सेंटिमीटर. बाहेर ३६ अंश तापमान आहे आणि आत ४ अंश राखावयाचे आहे. थर्मोकोल उष्णतेचे दुर्वाहक खरे, तथापि पूर्णपणे अडविणारे द्रव्य जगात नाही. अशा पेटीच्या भिंतींतून तासाला अदमासे २४ किलोकॅलरी उष्णता आत शिरते. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता शोषून घेतो आणि तेवढा वेळ त्याचे तापमान शून्य अंशावरून हलत नाही. हीच वितळण्याची अप्रकट उष्णता. स्कॉटलंडमधील जोसेफ ब्लॅक यांनी ती १७६०च्या सुमारास प्रथम ओळखली. २४ भागिले ८० केले, की तासाला ३०० ग्रॅम बर्फ लागतो असे निघते. आठ तासांस सुमारे २.४ किलो. झाकण उघडण्यामिटण्यात जाणारा आणखी तितकाच धरला, तरी पाच किलोंत काम भागावे.

मग प्रत्यक्षात पाच किलो बर्फ घालूनही दुपारपर्यंत दूध कोमट का होते? याचे उत्तर पेटीच्या भिंतीत नसून दुधातच असते, आणि पाठाचा गाभा हाच आहे. पेटीत ठेवतेवेळी दूध किती अंशांवर होते हे कोणी पाहत नाही. दहा लिटर दूध ३० अंशांवरून ४ अंशांवर आणण्यास सुमारे २५० किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. म्हणजे तीन किलोहून थोडा अधिक बर्फ त्या एकाच कामी खर्च होतो. आठ तास भिंतींतून येणाऱ्या उष्णतेशी झगडण्यास जेवढा बर्फ लागतो, त्याहूनही हा अधिक! उलट, तेच दूध १० अंशांवर असताना पेटीत गेले, तर पाऊण किलो बर्फही पुरतो. बर्फाच्या पेटीचे काम थंडी राखण्याचे आहे. थंडी करण्याचे काम आदल्या रात्री घरच्या किंवा दुकानाच्या शीतकपाटात झालेले असले पाहिजे. रिकामी पेटीसुद्धा रात्रभर बर्फाच्या बाटल्या घालून गार करून ठेवावी, अन्यथा सकाळचा पहिला बर्फ पेटीचीच आतली बाजू निवविण्यात जातो.

बर्फ कसा ठेवावा हेही समजून घेण्यासारखे आहे. कोरड्या बर्फखड्यांवर पिशवी नुसती ठेवली, तर ती जेथे टेकते तेथेच गार होते. मधल्या फटींत हवा असते, आणि हवा दुर्वाहक आहे. बर्फ आणि पाणी यांच्या मिश्रणात पिशवी बुडविली म्हणजे सर्व बाजूंनी स्पर्श होतो व दूध झपाट्याने निवते. म्हणून दूध पिशवीबंद असेल तर बर्फाचे पाणी लगेच ओतून देऊ नये. मात्र बाजारातील सर्वच बर्फ खाण्याचा नसतो. महाराष्ट्रात २०१८ पासून अखाद्य बर्फास निळा रंग देण्याचा नियम आहे, तो मुलांस सांगावा. अशा बर्फाच्या पाण्यात दुधाची पिशवी बुडवू नये. पिण्याचे पाणी बंद बाटल्यांत गोठवून त्या पेटीत ठेवणे सर्वांत स्वच्छ. काही जण कुल्फीवाल्याचे पाहून बर्फात मीठ टाकतात. मिठाने मिश्रणाचे तापमान शून्याखाली पुष्कळ, अगदी उणे २१ अंशांपर्यंतही, उतरू शकते. परंतु दूध उणे अर्ध्या अंशाच्या आसपासच गोठू लागते, पिशवी फुटते, स्निग्धांश वेगळा होतो आणि फेसही बिघडतो. कुल्फीला जे हवे ते येथे नको.

तुकड्यांपेक्षा एक मोठी लादी अधिक टिकते, कारण वजनाच्या मानाने तिचा पृष्ठभाग कमी. याचा इतिहासातील दाखला मुलांस फार आवडतो. १८३३ साली बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर यांनी अमेरिकेतील गोठलेल्या तळ्यांवरचा बर्फ जहाजाने कलकत्त्यास पाठविला. सुमारे १८० टन बर्फ निघाला, चार महिने उष्ण समुद्र ओलांडून आला, आणि त्यातील सुमारे १०० टन शाबूत उतरला. ना वीज, ना यंत्र. मोठ्या लाद्या एकमेकींस चिकटून रचलेल्या आणि भोवती दुर्वाहक द्रव्याचा जाड थर, एवढेच. ट्यूडर यांच्या व्यापारात लाकूडगिरण्यांतला टाकाऊ भुसा फार उपयोगी पडला. त्या बर्फासाठी चेन्नईच्या किनाऱ्यावर बांधलेली इमारत आजही उभी आहे.

विजेच्या साधनांविषयी थोडक्यात. मोटारीच्या विजेवर चालणाऱ्या स्वस्त पेट्यांत बहुधा झ्याँ पेल्तिए यांनी १८३४ साली शोधलेल्या परिणामाचा उपयोग केलेला असतो. त्या बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १५ ते २० अंश खालीच जाऊ शकतात. बाहेर ४० असेल तर आत २० ते २५, म्हणजे जंतूंना अनुकूल असाच पट्टा. थंड देशात पुरणारी वस्तू विदर्भातील मे महिन्यात पुरत नाही, हे विकत घेणाऱ्यास दुकानात सहसा कोणी सांगत नाही. दाबयंत्राचे, म्हणजे कॉम्प्रेसरचे लहान शीतकपाट खरोखर ४ अंश राखते. परंतु ते महाग असते व इंजिन बंद असता गाडीची बॅटरी उतरविते, म्हणून त्यास वेगळी बॅटरी लागते. गावाकडे कॅनला ओले गोणपाट गुंडाळण्याची रीत आहे. बाष्पीभवनाने उष्णता शोषली जाते हे तिचे शास्त्र उत्तम. कोरड्या हवेत तिचा गुण येतो, कोकणच्या दमट हवेत फारसा येत नाही. आणि कोठेही दूध ४ अंशांवर येत नाही.

गाडीवाल्याने दोन पेट्या बाळगाव्यात. मोठीत साठा, लहानीत हाताशी लागणारे लिटर-दोन लिटर. म्हणजे मोठीचे झाकण दिवसातून चारपाच वेळाच उघडते. पेटी वरून उघडणारी असावी, कारण थंड हवा जड असून तळाशी राहते. पुढून उघडणाऱ्या दारातून ती सांडून जाते. इंजिनावर किंवा कॉफीयंत्राच्या तापलेल्या बाजूस पेटी टेकवू नये, आणि उन्हात बंद गाडीत ती सोडून जाऊ नये. वाफ दिलेले उरलेले दूध पुन्हा साठ्यात ओतण्याचा मोह टाळावा. त्या गरम पेलाभर दुधाने सारा साठा तापतो.

वर्गातील प्रयोगास चार सारख्या बाटल्या, बर्फाचे गार पाणी आणि तापमापी पुरते. एक बाटली उघडी, एक ओल्या फडक्यात, एक भुशाने भरलेल्या डब्यात, एक थर्मोकोलच्या पेटीत ठेवावी. प्रारंभी चौघींचे तापमान सारखे असल्याची खात्री करून दर अर्ध्या तासाने नोंद घ्यावी. नोंदीचे काम निरनिराळ्या गटांस द्यावे व आलेख दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासास काढून घ्यावा. ज्या मुलांच्या घरी दुधाचा धंदा आहे, त्यांनी घरच्या कॅनमधील दुधाचे तापमान धार काढल्यावर, संकलन केंद्रावर पोचल्यावर व परत आल्यास घरी आल्यावर, असे तीनदा मोजून आणावे. तापमापी हवेत न धरता दुधात बुडवावी लागते, म्हणून ती प्रथम उकळलेल्या पाण्याने किंचित निवल्यावर धुवावी. प्रयोगशाळेतील पाऱ्याची तापमापी मात्र या कामी मुलांच्या हाती देऊ नये.