कटाचा संशय आणि कटाचा पुरावा



एखाद्या घटनेमागे काही माणसांनी गुपचूप केलेला बेत आहे, असे सांगणारे स्पष्टीकरण म्हणजे कटसिद्धान्त. तो खोटाच असला पाहिजे, असे या व्याख्येत कुठेही येत नाही, आणि तत्त्वज्ञांचा वाद इथूनच सुरू होतो. युद्ध, बेकारी, टंचाई अशा प्रत्येक आपत्तीमागे कोणा बलाढ्य गटाचा हात शोधण्याच्या वृत्तीवर कार्ल पॉपर यांनी टीका केली. पूर्वी जे देवांच्या कोपावर घातले जाई, ते आता धनिकांच्या माथी मारले जाते, इतकाच फरक. लोक कट करतात हे पॉपर यांना मान्य होते. पण असे कट क्वचितच तडीस जातात, असे त्यांचे म्हणणे. चार्ल्स पिग्डन यांनी १९९५ मध्ये याला उत्तर दिले. सगळेच कटामुळे घडते, असे मानणारा माणूस मिळणे कठीण. काही गोष्टी कटामुळे घडतात एवढाच दावा असेल, तर इतिहास त्याला दुजोराच देतो. हे उत्तर बिनतोड आहे.

उदाहरणार्थ, अमेरिकेत अलाबामातील टस्कीगी इथे १९३२ पासून सरकारी आरोग्यसेवेने सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांची पाहणी चालवली. त्यांतल्या ३९९ जणांना उपदंश होता. त्यांना रक्त बिघडल्याचे सांगण्यात आले आणि पेनिसिलिन आल्यावरही ते दिले गेले नाही. १९७२ मध्ये वृत्तपत्रांतून बोभाटा झाला, तेव्हा हा प्रकार थांबला. पाहणीचे अहवाल मात्र वैद्यकीय नियतकालिकांत राजरोस छापून येत होते. अंधारात होते ते रुग्णच.

चांद्रमोहीम बनावट होती, हा दावा वेगळ्या जातीचा. अपोलो मोहिमेसाठी सुमारे चार लाख माणसे राबली आणि चूक पकडायला सोव्हिएत संघ टपलेलाच होता. त्याने आक्षेप घेतला नाही, तर तोही कटात सामील ठरवावा लागतो. ब्रायन कीली यांनी १९९९ च्या लेखात हेच दाखवले: विरुद्ध पुरावा दिसला की कटवाल्यांची संख्या वाढवायची, आणि अखेर कोणत्याच संस्थेवर विश्वास उरत नाही.

कासिम कासम हे तत्त्वज्ञ कटसिद्धान्तांवरील विश्वासाचे मूळ भोळसटपणासारख्या बौद्धिक दोषांत शोधतात. हे उत्तर अपुरे आहे. डॉक्टरांवर विश्वास न ठेवणाऱ्या कृष्णवर्णीय अमेरिकनाला भोळा म्हणता येत नाही. टस्कीगी त्याच्या आठवणीत असते.

अभ्यासाची सुरुवात पिग्डन यांच्यापासून करावी, पॉपर नंतर वाचावेत; आणि कोणताही दावा ‘कटसिद्धान्त’ या नावावरून निकालात काढण्याआधी त्याचा पुरावा तपासावा.