घटस्फोट झाला, सही राहिली

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणारे ते गृहस्थ मूळचे साताऱ्याचे, आता अमेरिकन नागरिक. नाशिकला दुसरं लग्न लावून परतले आणि बायकोला आणण्यासाठी आय-८६४ हा फॉर्म भरायला बसले. कुटुंबात माणसं किती, या रकान्यात त्यांनी २ लिहिलं. खरं उत्तर ३ होतं. तिसरी होती त्यांची पहिली बायको, घटस्फोटाला दोन वर्षं उलटून गेलेली!

‘ती माझ्या घरात नाही, मग फॉर्मात कशी?’ ते आजही तावातावानं विचारतात. पण पहिल्या बायकोला आणताना त्यांनी याच फॉर्मवर सही केली होती. तो नवरा-बायकोतला कागद नाही, सरकारशी केलेला करार आहे: हिला दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के पातळीखाली जाऊ देणार नाही. ती नागरिक झाली, तिच्या कामाच्या ४० तिमाही जमल्या (साधारण १० वर्षं), ग्रीन कार्ड सोडून ती कायमची परत गेली किंवा दोघांपैकी कुणी वारलं, तर हा करार सुटतो. या यादीत घटस्फोट नाही. उद्या तिनं कोर्टात पोटगीपलीकडचा हा हक्क मागितला, तर तो मिळू शकतो.

चूक बाहेर आली ती मुंबईत, व्हिसाच्या खिडकीशी. नवी बायको एकटीच उभी. ‘तुमच्या पतींनी याआधी कुणाला स्पॉन्सर केलं होतं का?’ तिला घटस्फोट ठाऊक होता, हे नव्हतं. जुनं कशाला उगाळायचं, म्हणून घरात कुणी ते बोललंच नव्हतं. तिच्या हातात व्हिसा तूर्त थांबवणारी २२१-जी ची चिठ्ठी आली: फॉर्म दुरुस्त करा, घटस्फोटाचा पूर्ण हुकूमनामा आणा. या पठ्ठ्यानं पहिलं आणि शेवटचं पान तेवढं जोडलं होतं. सही-शिक्क्याची अख्खी नक्कल मिळवण्यात महिने गेले.

त्यातल्या त्यात नशीब एवढंच, की न्यू जर्सीच्या कोर्टात पहिली बायको स्वतः हजर होती आणि तिची संमती नोंदलेली होती. अमेरिकेचे अधिकारी लग्न जिथं लागलं तिथल्या कायद्यानं ते वैध आहे का, हे पाहतात. आणि नाशिकला लागू होतो तो भारतीय कायदा: त्यात पहिला घटस्फोटच मान्य नसेल, तर दुसरं लग्नही वैध नाही. वाय. नरसिंह राव खटल्यात १९९१ साली सर्वोच्च न्यायालयानं मिसुरीतला घटस्फोट मानला नाही. बायको भारतात, नोटीस टपालानं आणि निकाल एकतर्फी, अशी ज्यांची गोष्ट आहे त्यांनी मंगल कार्यालय ठरवण्याआधी भारतातल्या वकिलाला गाठावं. वॉट्सअ‍ॅपवरच्या मित्राला नव्हे.

ज्यांना स्वतःचं ग्रीन कार्ड पहिल्या लग्नातून मिळालं, त्यांची वाट आणखी अरुंद. नागरिकत्व नसेल आणि कार्डाला ५ वर्षं झाली नसतील, तर पहिलं लग्न कार्डासाठी नव्हतं हे आधी भक्कम पुराव्यानं सिद्ध करावं लागतं. जोडीदाराच्या मृत्यूनं ते लग्न संपलं असेल, तर ही अट नाही. बाकीच्यांनी एकत्र भाडेकरार, बँकखातं, सहलीचे फोटो, सगळं पुन्हा माळ्यावरून काढायचं.

एडिसनला पोचल्यावर दुसऱ्याच आठवड्यात नव्या बायकोनं तो दुरुस्त फॉर्म मागून घेतला आणि जेवणाच्या टेबलावर बसून सगळा वाचला. मग विचारलं, ‘म्हणजे माझ्यासाठीही अशीच सही केलीस? आपलं बिनसलं तरी न सुटणारी?’

‘हो,’ ते म्हणाले.

तिनं त्याची एक झेरॉक्स स्वतःच्या फाइलला लावली.