बोलण्याची वेळ व थांबण्याची वेळ

(मंडळ्या व उपदेशक यांच्याकरिता धडा)

शास्त्रवाचन : नीतिसूत्रे १८:१३, २७:१४. १ शमुवेल २५:३६-३७. ईयोब २:११-१३. मार्क १०:४६-५२.

काय बोलावे याविषयी मंडळीत पुष्कळ शिक्षण मिळते; परंतु केव्हा बोलावे आणि बोलून झाल्यावर किती थांबावे, याचा विचार आपण क्वचितच करतो. शास्त्र मात्र तो करते. भल्या पहाटे शेजाऱ्याच्या दारात मोठ्याने आशीर्वाद देणाऱ्याचा आशीर्वादही शापच गणला जाईल, असा इशारा नीतिसूत्रांत आहे. शब्द चांगलाच होता, वेळ चुकली.

१. समोरच्याची वेळ पाहावी. धाराशिव जिल्ह्यातील ईट व भूमकडील वाचकांस खव्याची भट्टी ठाऊक आहे. दूध आटत आले म्हणजे कढईतला हात थांबवता येत नाही. थांबला की दूध बुडाला लागते. अशा वेळी कोणी सोयरिकीची गोष्ट काढली, तर भट्टीपुढचा मनुष्य नुसते हुं हुं करील. बोलणाऱ्यास वाटेल, ह्याला आपली किंमत नाही. वास्तविक दोष किमतीचा नसून वेळेचा आहे. अबीगईल हिने हे ओळखले. नवरा मद्याने धुंद आहे असे पाहून तिने त्या रात्री त्याला काहीच सांगितले नाही. सकाळी तो शुद्धीवर आल्यावर सर्व सांगितले. घरातील कर्जाची, भांडणाची वा मुलीच्या लग्नाची गोष्ट काढण्यापूर्वी इतका विवेक आपणही करावा.

२. ऐकून मग उत्तर द्यावे. २००९ साली भाषाभ्यासकांनी जगातील दहा भाषांतील संभाषणे मोजून पाहिली. मराठी त्यांत नव्हती. तथापि त्या सर्व भाषांत एकाचा प्रश्न संपून दुसऱ्याचे उत्तर सुरू होण्यात सरासरीने सेकंदाचा सुमारे पाचवा हिस्साच जातो, असे आढळले. परंतु एक साधा शब्द मनात जुळवून उच्चारण्यास अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागतो. याचा अर्थ असा की, दुसरा बोलत असतानाच आपण उत्तर रचू लागतो. ही मनुष्याची रीतच आहे व रोजच्या व्यवहारास ती पुरते. परंतु दुःखी मनुष्य बोलत असेल, तर त्याची खरी गोष्ट पुष्कळदा शेवटी येते, आणि तोवर आपले उत्तर तयार होऊन बसलेले असते. ऐकण्यापूर्वी उत्तर देणे यास शास्त्र मूर्खपणा म्हणते, ते याचसाठी. ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ उगेच बसले. पुढे ते बोलू लागले, तेव्हा सांत्वनाचा वाद झाला.

३. प्रश्न विचारून थांबावे. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन शिक्षिकेने शाळांतील वर्गांचे निरीक्षण करून १९७४ साली आपला शोध प्रसिद्ध केला. शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबत. तेच तीन सेकंद थांबू लागले, तेव्हा मुलांची उत्तरे लांब व विचारपूर्वक येऊ लागली आणि एरवी गप्प असणारी मुलेही बोलू लागली. आणखी एक गोष्ट तिला दिसली : ज्या मुलांस शिक्षक कच्ची समजत, त्यांच्याकरिता ते सर्वांत कमी थांबत.

बंधूंनो, हे आपल्या मंडळीस लागू आहे. आपल्यांतील पुष्कळांच्या वाडवडिलांस चावडीपुढे तोंड उघडण्याची मुभा नव्हती. बायका अजूनही सभेत मागे बसतात. त्यांनी लगेच उत्तर दिले नाही की आपण म्हणतो, "यांना काही म्हणायचे नाही," आणि ठराव पास होतो. त्यांचे मौन ही संमती नव्हे, अज्ञानही नव्हे. पुष्कळदा तो शब्द उंबरठ्यापर्यंत आलेला असतो. बार्तीमयास लोकांनी गप्प करू पाहिले, पण प्रभु थांबला. त्या आंधळ्याला काय हवे, हे उघड दिसत होते. तरी प्रभूने त्याला विचारले आणि त्याचे मागणे त्याच्याच तोंडून येऊ दिले.

४. काही उत्तरांस वर्षे लागतात. नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचा १९०० साली. जातिभेदाचा विचार त्यांचा त्यांनीच केला, हे त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात वाचावयास मिळते. नवऱ्याचे उत्तर बायकोने उसने घेतले नाही. एका भेटीत उत्तर न मिळाल्याने निराश होणाऱ्या उपदेशकाने ही पाच वर्षे आठवावी.

या आठवड्याचा अभ्यास : शब्बाथशाळेत प्रश्न विचारून मनात सावकाश तीन अंक मोजावे, मगच पुढे बोलावे. मंडळीच्या सभेत ठरावापूर्वी मागे बसलेल्यांस विचारावे व वाट पाहावी. दुःखाच्या घरी जाऊन प्रथम बसावे. वचन नंतर वाचावे.

चर्चेसाठी प्रश्न : (१) आपल्या मंडळीत सर्वांत कमी कोण बोलते? (२) त्याच्या उत्तरासाठी आपण कधी थांबलो आहो काय?

प्रार्थना : हे प्रभो, तू आमच्यासाठी थांबतोस, तसे एकमेकांसाठी थांबण्यास आम्हांस शिकव. आमेन.